‘सबप्राइम’ कर्ज : शब्दाचा अर्थ, उगम आणि आपल्या कामाचा धडा

सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षांची जुनी पेढी दिवाळखोरीत निघाली. पुढच्या काही महिन्यांत इकडे मुरादाबादमध्ये पितळी वस्तूंच्या परदेशी ऑर्डरी आटल्या आणि सुरतमध्ये हिऱ्यांना पैलू पाडणारे हजारो कारागीर घरी बसले. मुरादाबादचा नक्षीकाम करणारा कारागीर आणि न्यूयॉर्कची पेढी यांचा संबंध काय? त्या दिवसांत या प्रश्नाचे उत्तर म्हणून वर्तमानपत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा छापून येत होता. तो म्हणजे ‘सबप्राइम’.

हा शब्द आमच्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर वाचकांच्या कानावरून गेलेला असेल. ‘ऐपत नसलेल्या लोकांना कर्ज दिले, त्यांनी ते बुडवले आणि बाजार कोसळला,’ असा त्याचा अर्थ साधारणपणे सांगितला जातो. हा अर्थ अपुरा आहे आणि एका महत्त्वाच्या बाबतीत चुकीचाही आहे. म्हणून आज आम्ही या एका शब्दाची उकल करू इच्छितो. ज्याला उद्या यंत्रासाठी, दुकानासाठी किंवा घरासाठी कर्ज घ्यायचे आहे, त्याच्या कामाची बाब या शब्दात दडलेली आहे.

शब्द कोठून आला?

‘प्राइम’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दापासून आला. पहिल्या प्रतीचा, अव्वल, असा त्याचा अर्थ. १९३० च्या दशकापासून अमेरिकेतील बँका ‘प्राइम रेट’ जाहीर करू लागल्या. ज्या ग्राहकांची पत निर्विवाद आहे, जे पैसे बुडवतील अशी शंकाही कोणाला येत नाही, अशा मोठ्या कंपन्यांना ज्या दराने कर्ज मिळते तो हा दर. बाकीच्यांनी त्याच्यावर काही टक्के जादा मोजायचे.

‘सब’ म्हणजे खाली. आता गंमत पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या व्यापारी पानांवर ‘सबप्राइम’ कर्ज म्हणजे प्राइम दराच्याही खालच्या दराने दिलेले कर्ज, असा अर्थ होता. म्हणजे सर्वांत लाडक्या ग्राहकाला दिलेले सर्वांत स्वस्त कर्ज! त्या ‘सब’चा संबंध दराशी होता. १९९० च्या दशकात हाच शब्द पूर्ण उलटा फिरला. आता ‘खाली’ असलेली वस्तू दर नव्हती, तर माणूस होता. ज्याची पत अव्वल दर्जाच्या खाली आहे त्याला दिलेले कर्ज ते सबप्राइम. दर मात्र वर गेलेला. पूर्वी जो शब्द स्वस्त कर्जाचा होता तो महाग कर्जाचा झाला.

हा बदल सावकारी धंद्याच्या सोयीचा होता, हेही लक्षात घ्यावे. ‘धोक्याचे कर्ज’ किंवा ‘महागडे कर्ज’ असे सरळ म्हटले तर घेणारा बिचकतो आणि त्यात पैसा गुंतवणाराही बिचकतो. ‘सबप्राइम’ म्हटले की कानाला ‘प्राइम’ ऐकू येते, जणू अव्वल नंबर थोडक्यात हुकला आहे. पुढे अमेरिकेच्या भाषा-अभ्यासकांच्या ‘अमेरिकन डायलेक्ट सोसायटी’ने याच शब्दाला २००७ या वर्षाचा शब्द म्हणून निवडले. तोपर्यंत त्याचा गोडवा संपला होता.

माणसाला नंबर मिळतो

माणसाची पत अव्वल की खालची हे ठरवणार कोण? आपल्या बाजारपेठेत ते पिढ्यान्‌पिढ्याच्या व्यवहारावरून ठरते. सूत उधार देणारा व्यापारी घर ओळखतो, बापाचा व्यवहार ओळखतो, मागच्या सणाला उधारी कधी चुकती झाली हे त्याला पाठ असते. अमेरिकेत हे काम १९८९ पासून एका आकड्याकडे गेले. ‘फिको’ गुणांक या नावाने तो ओळखला जातो आणि ३०० ते ८५० या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले का, किती कर्ज अंगावर आहे, किती वर्षांपासून खाते आहे अशा नोंदींवरून तो निघतो.

अमेरिकेच्या बँक-नियंत्रकांनी २००१ मध्ये सबप्राइम कर्जदाराच्या काही खुणा सांगितल्या. गुणांक ६६० किंवा त्याखाली, गेल्या बारा महिन्यांत दोन किंवा अधिक हप्ते तीस दिवसांहून जास्त थकलेले, गेल्या पाच वर्षांत दिवाळखोरी, अथवा मिळकतीच्या निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाणारी. यांपैकी एखादी खूण असली तरी माणूस या कप्प्यात जाऊ शकतो. आजारपण, नोकरी जाणे, घटस्फोट, यामुळे थकलेला हप्ता आणि नियत खराब असल्यामुळे थकलेला हप्ता, यांत आकडा फरक करत नाही.

दार कसे उघडले?

खालच्या पतीच्या माणसाला घरकर्ज देण्याची वाट तीन कायद्यांनी मोकळी केली. १९८० च्या कायद्याने घराच्या पहिल्या गहाणावरील व्याजाला राज्यांनी घातलेली कमाल मर्यादा उठली. १९८२ च्या कायद्याने बदलत्या दराची कर्जे देण्याची मुभा मिळाली. १९८६ च्या करसुधारणेत इतर खासगी कर्जांच्या व्याजावरील करसवलत गेली, पण घरकर्जाच्या व्याजावरील राहिली. परिणामी मोटार, दवाखाना, मुलांचे शिक्षण यांसाठीही लोक घर गहाण टाकून पैसा उचलू लागले.

ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून आम्ही ठळकपणे मांडतो. सबप्राइम कर्जांचा मोठा भाग पहिले घर घेणाऱ्यांचा नव्हताच. ज्यांचे घर आधीच होते त्यांनी त्याच घरावर जुने फेडून नवे, वाढीव कर्ज काढले होते. अनेकांचे राहते छप्पर अशा रीतीने पणाला लागले.

१९९४ मध्ये अशा कर्जांची वर्षाची उलाढाल सुमारे ३५ अब्ज डॉलर होती. २००६ मध्ये ती सुमारे ६०० अब्ज डॉलरवर पोचली. त्या वर्षी दिलेल्या दर पाच डॉलर घरकर्जामागे साधारण एक डॉलर सबप्राइमचा होता.

दोन वर्षांचा गोड हप्ता

या काळात सर्वाधिक खपलेल्या कर्जाला बाजारात ‘दोन-अठ्ठावीस’ म्हणत. मुदत तीस वर्षांची. पहिली दोन वर्षे दर ठरलेला, उरलेली अठ्ठावीस वर्षे बाजाराप्रमाणे बदलणारा, तोही मूळ दरावर मोठी भर घालून. समजा एखाद्याने दोन लाख डॉलर घेतले. पहिली दोन वर्षे सात टक्क्यांनी त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे १,३३० डॉलर बसतो. तिसऱ्या वर्षी दर दहा टक्के झाला की हप्ता सुमारे १,७४० डॉलर होतो. पगार तोच, खर्च तोच, आणि महिन्याला चारशे डॉलर जादा. मुदतीआधी कर्ज फेडून बाहेर पडावे म्हटले तर अनेक करारांत दंडाचे कलम होते.

मग असा करार लोक करत का? कारण दलाल सांगत असे, ‘दोन वर्षांत घराची किंमत वाढेल, तेव्हा नवे कर्ज काढून हे फेडा.’ किंमती वाढत होत्या तोवर हे खरेही ठरत होते. मिळकतीचा कागद न पाहता दिलेली कर्जे वाढली. उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही, अशा माणसाच्या कर्जाला इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘निंजा कर्ज’ असे थट्टेचे नाव पडले. जपानी निंजा जसा अंधारात गडप होतो तसा हा कर्जदारही गडप होईल, असा त्यात टोमणा होता. टोमणा कर्जदाराला होता, पण कागद न पाहता पैसे देणारा कोण होता?

उधारी विकली गेली

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. आपल्या बाजारात जो उधार देतो तोच बुडीत सोसतो. म्हणून तो माणूस पाहतो, मोजून देतो, आणि अडचण आली तर मुदतही देतो. अमेरिकेत ही साखळी तुटली.

कर्ज देणारी कंपनी ते आपल्या वहीत ठेवत नसे. काही आठवड्यांत ती ते न्यूयॉर्कच्या मोठ्या पेढीला विकून पैसे मोकळे करी आणि पुन्हा नवे कर्ज देई. पेढी अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे काढी. हप्त्यांच्या रूपाने गल्ल्यात जो पैसा येईल त्यावर वरच्या थराच्या रोखेधारकांचा पहिला हक्क, मग मधल्यांचा, शेवटी खालच्यांचा. बुडीत आले तर आधी खालच्या थराने सोसायचे. यामुळे वरचा थर सुरक्षित, असे मानांकन संस्था म्हणत आणि त्याला सर्वोच्च ‘एएए’ दर्जा देत. हे मानांकन करण्याचे पैसे त्यांना रोखे काढणाऱ्या पेढ्याच देत असत.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे कापडाच्या भाषेत लवकर समजेल. ‘सेकंड’ मालाचे गठ्ठे एकत्र बांधायचे आणि त्यांतील वरच्या बहुतेक ताग्यांवर ‘फ्रेश’चा शिक्का मारायचा. शिक्का मारणाऱ्याला मजुरी गठ्ठेवाल्याकडून. गिऱ्हाईक परदेशी, त्याने गठ्ठा सोडून पाहिलेला नाही. असा माल एकदा खपेल, दहादा खपेल. पण मागातल्या दोषाची कोणाला चिंता उरणार नाही, कारण दोष असलेला माल ज्याच्या हाती राहणार तो मागाच्या मालकाला दिसतच नाही.

२००६ पर्यंत सबप्राइम कर्जांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अशा रीतीने रोख्यांत बांधून विकली जात होती. दलालाला दलाली करारावर सही होताच मिळे, आणि पुष्कळदा ग्राहकाच्या गळ्यात जितका चढा दर मारावा तितकी ती वाढे. कर्ज फिटते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

व्याजाविषयीची शरीअतची भूमिका आमच्या वाचकांना ठाऊक आहे, ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. परंतु कर्ज हीच वस्तू मानून ते तिऱ्हाइताला कमी-अधिक किंमतीला विकणे बहुसंख्य फिकहतज्ज्ञांनी अमान्य केले आहे, मलेशियात मात्र काही प्रकारांत त्याला परवानगी मिळाली. व्याजापेक्षा वेगळा असा हा नियम २००८ च्या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखा आहे.

लाल रेषेच्या आतली माणसे

आता त्या चुकीच्या समजुतीकडे वळू. सबप्राइम कर्ज घेणारे सगळे खरोखर खालच्या पतीचे होते काय? नव्हते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. धोक्याच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा त्या लाल रंगात गेल्या. सरकारी कर्जविम्याचे धोरणही तसेच होते. माणूस कितीही सचोटीचा असो, पत्ता लाल रेषेच्या आतला असला की घरकर्ज मिळणे कठीण. १९६८ च्या कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरवला. तरी या वस्त्यांत चांगल्या बँकांच्या शाखा विरळच राहिल्या.

जेथे वर्षानुवर्षे कर्ज मिळत नव्हते, तेथेच १९९० नंतर सबप्राइमवाले दारोदार फिरू लागले. चांगल्या पतीच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांनाही महागडे कर्ज दिले गेले, तशाच पतीच्या गोऱ्यांना मात्र स्वस्त कर्ज मिळाले. हा केवळ आरोप नाही. अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने खटले भरले. २०११ मध्ये कंट्रीवाइड या कर्जकंपनीच्या प्रकरणात ३३.५ कोटी डॉलरची आणि २०१२ मध्ये वेल्स फार्गो बँकेच्या प्रकरणात साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड झाली. तेव्हा ‘सबप्राइम’ हा शिक्का नेहमीच माणसाच्या पतीवर नव्हता. कित्येकदा तो त्याच्या मोहल्ल्यावर होता.

हे वाचताना आमच्या वाचकांना काही आठवल्यावाचून राहणार नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे की आपल्याकडेही काही बँका ठरावीक भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात आणि तेथे कर्ज व इतर सोयी सहजी मिळत नाहीत. दार बंद राहण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. परंतु अमेरिकेच्या अनुभवाचा दुसरा अर्धा भाग आपण शिकून ठेवला पाहिजे. बंद दारापुढे फार दिवस उभा राहिलेला माणूस, दार अचानक उघडले की अटी न वाचता आत शिरतो. कर्ज मिळाले याचाच त्याला इतका आनंद होतो की ते कोणत्या भावाने मिळाले हे विचारायला त्याला संकोच वाटतो.

पडझड

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जून २००४ मध्ये एक टक्क्यावर असलेला आपला दर पायरीपायरीने वाढवत जून २००६ मध्ये सव्वापाच टक्क्यांवर नेला. २००६ मध्ये घरांच्या किंमती थांबल्या आणि उतरू लागल्या. नवे कर्ज काढून जुने फेडण्याची वाट बंद झाली आणि नेमके तेव्हाच वाढीव हप्ते सुरू झाले. एप्रिल २००७ मध्ये न्यू सेंच्युरी ही मोठी सबप्राइम कंपनी दिवाळखोरीत गेली. ९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी परिबा बँकेने आपल्या तीन निधींतून पैसे काढणे थांबवले, कारण त्यांतील रोख्यांची किंमत काय हेच ठरवता येत नव्हते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. वर्षभराने लेहमन गेली. मग अमेरिकेच्या दुकानांत मागणी घटली, आयातदारांनी ऑर्डरी रोखल्या आणि ती झळ मुरादाबादच्या भट्टीपर्यंत आली. त्या कारागिराने कोणाचे एक पैशाचे कर्ज बुडवले नव्हते.

२०१० मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. घरकर्ज देण्यापूर्वी कर्जदाराची फेडण्याची ऐपत तपासणे बंधनकारक झाले, चढ्या दराबद्दल दलालाला जादा दलाली देण्यास मनाई झाली, आणि कर्जे बांधून विकणाऱ्याने, काही अपवाद सोडून, किमान पाच टक्के जोखीम स्वतःकडे ठेवावी असा नियम आला. ‘जो देतो त्यानेही काही सोसावे’ हे आपल्या बाजारातले जुने तत्त्व इतक्या मोठ्या किंमतीने कायद्यात आले.

आपण काय पाहावे?

आपल्या देशात आता पतीचा आकडा आहे. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. तिचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. अशा प्रत्येक पतसंस्थेकडून आपला संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळवण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येकाला आहे. तो मागवावा. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करून दुरुस्त करून घ्यावे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलो असू तर तेही अहवालात पाहावे.

दुसरे, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने मुख्य अटींचे एक पत्रक देणे आवश्यक आहे. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो हे लिहिलेले असते. तोंडी सांगितलेला ‘फक्त एवढा हप्ता’ बाजूला ठेवून हा आकडा पाहावा आणि दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहावेत.

तिसरे, चार प्रश्न सहीआधी विचारावेत. दर ठरलेला की बदलणारा, आणि बदलला तर हप्ता किती होईल? मुदतीआधी फेडले तर दंड किती? मध्ये बसलेल्या माणसाची दलाली कोण देतो? आणि माझ्याच पतीच्या दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या मोहल्ल्यात, हेच कर्ज कोणत्या दराने मिळते?

चौथा प्रश्न विचारणे अवघड वाटते. पण अमेरिकेत हजारो कुटुंबांनी तो वेळेवर विचारला असता तर त्यांच्यापैकी अनेकांना स्वस्त कर्ज मिळाले असते आणि घरे राहिली असती. आपल्या वहीत ज्याने वेळेवर पैसे दिले आहेत, ज्याचा माल वेळेवर पोचला आहे, त्याने स्वतःला खालच्या दर्जाचा गिऱ्हाईक समजून बँकेच्या खुर्चीत बसू नये. व्यवहाराचे कागद, बिले, बँकेचे उतारे नीट ठेवावेत आणि ते पुढे करून अव्वल दर मागावा. नाही मिळाला तर कारण लेखी मागावे. आणि कोणी काहीही न पाहता, काहीही न विचारता लगेच पैसे देऊ लागला, तर आपली उधारी तो पुढे कोणाला विकणार आहे, हे त्याला आधी विचारावे.